दांडे काढायचे नाहीत

बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात कराराच्या कोशाबद्दल, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीबद्दल, एक बारीकशी सूचना आहे: कोशाच्या कड्यांत घातलेले दांडे तिथंच राहू द्यावेत, काढू नयेत (२५:१५). मुक्काम कितीही लांबला तरी हा देव निघायच्या तयारीतच असणार. इस्राएलांचा निवासमंडप, म्हणजे वाळवंटातल्या प्रवासात सोबत नेलेलं तंबूचं देवस्थान, समजून घ्यायचा तर सोन्यारुप्याच्या आधी हे दांडे पाहावेत.

मंडप ३० हात लांब, १० हात रुंद, १० हात उंच. म्हणजे साधारण साडेतेरा मीटर बाय साडेचार. बाभळीच्या ४८ फळ्या, खाली त्या रोवायला चांदीच्या उथळ्या (बैठका), वर विणलेले तागाचे पडदे, त्यावर बकऱ्याच्या केसांचं कापड आणि कातडी. आत शेवटच्या १० हातांत परमपवित्रस्थान, आणि त्याच्यापुढे अंतरपट. लग्नातला आपला अंतरपट मंगलाष्टकं संपली की दूर होतो. हा होत नसे. वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक एकटा त्याच्यापलीकडे जाई. पलीकडे मूर्ती नव्हती. कोश, त्याचं झाकण, झाकणावर पंख पसरलेले दोन करूब (स्वर्गीय प्राणी), आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. देव बोलणार तो त्या मोकळ्या जागेतून.

‘त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं, म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन’ (२५:८). त्या मंडपामध्ये नव्हे, त्यांच्यामध्ये. ‘राहणं’ यासाठी इथं हिब्रूत ‘शाखन’ हे क्रियापद आहे. मंडपाचं ‘मिश्कान’ हे नाव त्यातूनच आलं, आणि पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, देवाच्या सान्निध्यासाठी रूढ केलेला ‘शेखिना’ हा शब्दही. हा शब्द खुद्द हिब्रू बायबलात मात्र नाही.

गंमत म्हणजे त्याच पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात वेगळाच तंबू भेटतो. तो छावणीबाहेर, लांब. इस्राएलांचा पुढारी मोशे तिथं जातो, ढग दाराशी उतरतो, बोलणं होतं. बायबलातल्याच गणनाच्या पुस्तकात मात्र मंडप छावणीच्या मधोमध, भोवती मंडपाची सेवा करणारे लेवी वंशाचे लोक आणि चारही बाजूंना तीन-तीन वंश. एकीकडे भेटीला येणारा देव, दुसरीकडे वस्तीला असलेला. या दोन निरनिराळ्या परंपरा असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मग हा मंडप खरंच होता का? यरुशलेममधलं शलमोनाचं मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, म्हणजे मंडपाच्या नेमकं दुप्पट. युलिउस वेलहाउझेन या जर्मन पंडितानं १८७८ साली मांडलं, की नंतरच्या याजकांनी मंदिरच भूतकाळात मागं नेऊन कल्पनेनं वाळवंटात उभं केलं. हिशेबही त्याच्या बाजूनं बोलतो. १०० उथळ्यांना १०० किक्कार चांदी, म्हणजे तीन टनांहून जास्त. वर त्या फळ्या. हे सगळं वाहायला लेवींपैकी मरारी कुळाला मिळाल्या चार गाड्या आणि आठ बैल.

पण दुसरी बाजूही आहे. इ.स.पू. १२७४च्या कादेशच्या लढाईची शिल्पं पाहा. मिसरचा राजा दुसरा रामसेस याच्या छावणीत मधोमध आयताकृती आवार, त्यात राजाचा तंबू, पुढे लांबट दालन, मागे चौरस खोली. दक्षिण इस्रायलमधल्या तिम्ना इथं १९६९ साली बेनो रोथेनबर्ग यांना वाळवंटातल्या एका देवस्थानात लाल-पिवळ्या कापडाचे अवशेष मिळाले. तेही तंबूवजा असावं. मला वाटतं, सोनंचांदी नंतरची, तंबूची आठवण जुनी.

ही आठवण अवघडही होती. शिलो या देवस्थानातून रणांगणावर नेलेला कोश इस्राएलांचे शत्रू पलिष्टी यांनी पळवला. पुढे दावीद राजानं देवासाठी घर बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा नाथान संदेष्ट्याकडून निरोप आला, की मिसरातून निघाल्यापासून मी घरात राहिलेलो नाही, तंबूतूनच फिरत आलो (२ शमुवेल ७). घर शेवटी त्याचा मुलगा शलमोन यानं बांधलं. कोशाचे दांडे मात्र तिथंही तसेच; इतके लांब, की त्यांची टोकं अलीकडच्या दालनातून दिसत.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं ते मंदिर जाळलं. बंदिवासातल्या यहेज्केल संदेष्ट्याला देवाचं तेज चाकांच्या सिंहासनावरून यरुशलेम सोडताना दिसलं होतं. परदेशात मीच त्यांचं लहानसं पवित्रस्थान झालो, असं देवाचं वचनही तो सांगतो (११:१६). ‘लहानसं पवित्रस्थान’ म्हणजे बाबेलमधली सभास्थानं (यहुद्यांची प्रार्थनास्थळं) आणि अभ्यासगृहं, असा अर्थ तालमुद या यहुदी ग्रंथात रब्बी इसहाकांनी लावला. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेलं ‘शार हारहमीम’ हे सभास्थान त्याच ओळीतलं. सभास्थानात तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांच्या कपाटापुढे पडदा सोडतात, त्याला ‘पारोखेत’ म्हणतात. निर्गमात अंतरपटासाठी हाच शब्द आहे.