फोन बनवतानाचा कार्बन आणि फोन वापरतानाचा कार्बन

"आपली वीज कोळशाची, म्हणून आपला फोन नॉर्वेतल्या फोनपेक्षा कितीतरी जास्त प्रदूषण करतो." हे कुणी ना कुणी ऐकवतंच. यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच खोडून काढायला त्रास होतो.

वापरतानाचा कार्बन म्हणजे मुख्यतः चार्जिंगची वीज. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिटं. भारतात युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे वर्षाला पाचेक किलो. नॉर्वेत जलविद्युत, फ्रान्समध्ये अणुवीज. तिथे हाच आकडा अर्ध्या किलोच्या आत. चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या चिमण्या आठवल्या की फरक कळतो. (टॉवर आणि डेटा सेंटरची वीज मी धरलेली नाही. टॉवर तुमच्यासाठी थांबत नाहीत, ते चालूच असतात. आणि "चार्जर प्लगमधून काढा, पृथ्वी वाचवा" हे सांगणं आता बंद करा. नुसता लावून ठेवलेला चांगला चार्जर वर्षाला एक युनिटही खात नाही.)

लोक फसतात ते पुढे. बनवतानाचा कार्बन तुम्ही कुठे राहता यावर ठरतच नाही. अ‍ॅपलने आयफोन 13 चा आयुष्यभराचा आकडा 64 किलो दिला, त्यातले 81 टक्के उत्पादनाचे. म्हणजे खोकं उघडण्याआधीच पन्नासेक किलो हवेत गेलेले असतात, फोन पुण्यात विका नाहीतर ऑस्लोत. त्यातला मोठा वाटा चिपचा. तैवान-कोरियाच्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकतीवर महिनोन्‌महिने प्रक्रिया चालते, क्लीनरूमची हवा चोवीस तास गाळली जाते. यंत्रांच्या सफाईला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा वायू लागतो, जो शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सोळा हजार पटींहून जास्त पृथ्वी तापवतो. त्यातून तैवानची बहुतेक वीज कोळसा आणि गॅसची.

खोक्यावरच्या 'मेड इन इंडिया'नं हा हिशेब फारसा हलत नाही. श्रीपेरुंबुदूरला किंवा नोएडात मुख्यतः जुळणी होते, आणि जुळणीचा वाटा किरकोळ.

म्हणून "जुना फोन वीज जास्त खातो, नवा घ्या" हा सल्ला मला बिलकूल पटत नाही. नवा फोन शून्य विजेवर चालला तरी बनवतानाचे पन्नास किलो फेडायला भारतात दहा वर्षं लागतील. नॉर्वेत तर शतकं लागतील, कारण तिथे वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही. पण देशाच्या हिशेबात धूर जिथे निघाला तिथे मोजतात, त्यामुळे तैवानचा धूर नॉर्वेच्या खात्यावर येतच नाही.

आता गणित करून बघा. नागपुरात पाच वर्षं टिकवलेला फोन चार्जिंग धरून वर्षाला साधारण पंधरा किलोचा. ऑस्लोत दर दोन वर्षांनी नवा घेऊन जुना कपाटात टाकणाऱ्याचा सव्वीस किलोचा.