शाळकरी मुलांमधील छुपा छळ

छुपा छळ : शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मारहाण वा उघड शिवीगाळ न करता इतरांनी वारंवार एकटे पाडणे, हिणवणे किंवा त्याच्या मैत्र्या तोडणे. मानसशास्त्रात यासाठी ‘अप्रत्यक्ष आक्रमकता’, ‘नातेसंबंधांतून होणारी आक्रमकता’ आणि ‘सामाजिक आक्रमकता’ अशा तीन संज्ञा वापरल्या जातात. त्यांच्या छटा किंचित वेगळ्या असल्या तरी वर्गात दिसणारी गोष्ट एकच असते. मुलांच्या तोंडी ती ‘आम्ही तिला घेत नाही’, ‘त्याच्याशी कुणी बोलायचं नाही हं’ एवढ्याच वाक्यांत येते. मोठ्यांच्या मराठीत तिला नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाशी असे वागणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. वर्गात मात्र ‘लहान मुलांचं काय, आज कट्टी उद्या गट्टी’ असे म्हणून ते सोडून दिले जाते.

कट्टी आणि छळ यांतला फरक शिक्षकाला प्रथम कळायला हवा. कट्टी दोन्ही बाजूंनी असते, दोघेही रुसलेले असतात आणि ती मोडण्याची ताकदही दोघांकडे असते. छळात ही ताकद एकाच बाजूला असते. मूळचे स्वीडनचे आणि पुढे नॉर्वेतील बर्गेन येथे काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस (१९३१–२०२०) यांनी छळाच्या व्याख्येत तीन गोष्टी धरल्या : त्रास देण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत. हे बळ मनगटातलेच असते असे नाही. वर्गात सर्वाधिक मैत्रिणी असणे, क्रिकेटची बॅट स्वतःच्या घरची असणे, मॉनिटर असणे, बाईंची लाडकी असणे ही सगळी बळेच आहेत. अनेक शाळांत शिक्षक वर्गाबाहेर गेले की मॉनिटर फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची’ नावे लिहितो. रोज त्याच एका मुलाचे नाव, त्याच्यापुढे वाढत जाणाऱ्या फुल्या, आणि परत आलेल्या शिक्षकाने त्या यादीवरून दिलेली शिक्षा : या प्रकारात छळाचे हत्यार शिक्षकानेच हातात दिलेले असते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

अभ्यासाचा इतिहास

ओल्वेयस यांचे या विषयावरील पहिले मोठे पुस्तक १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत आले. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यांचा संबंध शाळेतील तीव्र छळाशी असावा असे समोर आल्यावर १९८३ मध्ये नॉर्वेने देशव्यापी मोहीम हाती घेतली. तोपर्यंतच्या संशोधनाचा भर मुख्यतः मुलगे आणि उघड दांडगाई यांवर होता. फिनलंडमध्ये किर्स्ती लागेरस्पेत्झ, काइ ब्यॉर्कक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ११-१२ वर्षांच्या मुलांना एक साधा प्रश्न विचारला : तुझ्या वर्गातले प्रत्येक मूल रागावले की काय करते? उत्तरांतून पाठीमागे बोलणे, दुसऱ्याशी मुद्दाम मैत्री करणे, गुपिते फोडणे असे एक वेगळेच जग पुढे आले. अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांवरील अभ्यासात त्याला नातेसंबंधांतील आक्रमकता म्हटले. तिचा गाभा असा की मैत्री हीच इथे धमकी असते : ‘तू तिच्याशी बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.’

यावरून ‘मुलगे मारामारी करतात आणि मुली कुजबुजतात’ हा समज पक्का झाला आणि अजून तो शिक्षककक्षांत ऐकू येतो. नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अप्रत्यक्ष आक्रमकतेतील मुलगा-मुलगी फरक नगण्य निघाला. शिक्षकांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण त्या समजामुळे एकटे पाडले जाणारे मुलगे दिसतच नाहीत. अख्खी मधली सुट्टी फक्त फिल्डिंग करणारा, कधीच बॅटिंग न मिळणारा मुलगा लांबून पाहणाऱ्याला खेळात रमलेलाच वाटतो.

जपानमध्ये या प्रश्नाला ‘इजिमे’ म्हणतात. तिथे छळ बहुधा वर्गातच आणि अनेकांनी मिळून केलेला असतो. समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी त्याची चार वलये मांडली : ज्याला त्रास होतो तो, त्रास देणारे, हसून रंगत वाढवणारे आणि पाहूनही गप्प राहणारे. ओत्सू शहरात छळ सोसलेल्या एका विद्यार्थ्याच्या २०११ मधील आत्महत्येनंतर जपानने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यातील व्याख्येत पुनरावृत्तीची अट नाही. इतर मुलांच्या वागण्याने एखाद्या मुलाला शारीरिक वा मानसिक वेदना होत असतील तर तो इजिमे. ओल्वेयस यांच्या व्याख्येपेक्षा ही ढिली आहे, पण शिक्षकाच्या हाती देण्यासाठी हीच अधिक उपयोगी, कारण ती पुराव्याची वाट पाहायला लावत नाही.

शिक्षकाच्या नजरेतून का सुटतो

कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी टोरांटोतील शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून चित्रीकरण केले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मैदानावरील छळाच्या प्रसंगांपैकी सुमारे ४ टक्क्यांतच शिक्षक मध्ये पडले होते. हा बेपर्वाईचा पुरावा मानला तर चुकेल. छळ काही क्षणांत उरकतो आणि मोठ्यांची पाठ फिरण्याची वाट पाहतो. छुप्या छळात तर पाठ फिरण्याचीही गरज नसते. वर्गात छळ सोसणारा मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला की मागून येणारा हलका खोकला, दोन बाकांमधली नजरानजर, तो बसला की शेजारच्याने इंचभर सरकवलेले दप्तर. यातल्या कशावर शिक्षा करणार? प्रत्येक कृती सुटी पाहिली तर निरागस असते. शिक्षकाचे प्रशिक्षण, शाळेची तक्रारवही, मुख्याध्यापकांपुढची सुनावणी हे सारे घटनांसाठी बनलेले आहे : कोणी, कुणाला, कधी, काय केले. छुप्या छळात सांगण्याजोगी घटनाच नसते, नुसती पुनरावृत्ती असते. म्हणून तो ओळखायचा तर वर्गाची रचना वाचावी लागते.

दुसरे कारण शिक्षकांच्या मनात असते. शेरी बाउमन आणि एड्रिएन डेल रिओ यांनी २००६ च्या अभ्यासात भावी शिक्षकांना वेगवेगळे प्रसंग वाचायला दिले. एकटे पाडण्याचे प्रसंग त्यांना शारीरिक छळापेक्षा कमी गंभीर वाटले, त्या मुलांबद्दल सहानुभूतीही कमी वाटली आणि आपण मध्ये पडू असे म्हणणारेही कमी निघाले. मुलांना हे ठाऊक असते. ‘बाई, त्या मला खेळायला घेत नाहीत’ या तक्रारीला ‘मग तू दुसऱ्यांशी खेळ’ असे उत्तर एकदा मिळाले की ते मूल पुन्हा तक्रार घेऊन येत नाही.

काय पाहावे

मोक्याचे क्षण म्हणजे मुलांना निवड करायची असते ते क्षण. ‘जोड्या करा’ म्हटल्यावर कोण उरते? सहलीच्या बसमध्ये कुणाशेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते? वाढदिवसाला दुसऱ्या वर्गांत चॉकलेट वाटायला जाताना सोबत कुणाला नेले जाते, आणि ज्याला वर्षभरात कुणीच नेले नाही असे कोण आहे? स्नेहसंमेलनाच्या नाचात कुणाला ‘आमचा ग्रुप पूर्ण झाला’ असे सांगितले गेले? मधल्या सुट्टीत डब्याचे गोल तयार होतात, तेव्हा कोण गोलाच्या कडेला पाठमोरे बसते? एका दिवसाच्या निरीक्षणाला अर्थ नाही. दोन-तीन आठवडे तारखेसह चार ओळी टिपून ठेवल्या की एकच नाव वर येऊ लागते. शिक्षकाच्या रोजच्या धावपळीत तेवढ्या चार ओळी सहज बसतात.

काही खुणा त्या मुलाच्या वागण्यात असतात. सुट्टीत बाईंच्या टेबलाभोवती घोटाळणे, ‘वह्या मी नेऊन ठेवू?’ असे रोज विचारणे, कंपासपेटी किंवा पाण्याची बाटली पुन्हा पुन्हा हरवणे, गर्दीच्या वेळी स्वच्छतागृहात जाणे टाळणे, सोमवारी सकाळी दुखणारे पोट, उत्तर येत असूनही हात वर न करणे. मदत करायला धडपडणारे मूल गुणी म्हणून कौतुकाचे होते, आणि ते नेमके कशापासून पळते आहे ही गोष्ट त्या कौतुकाखाली झाकली जाते. अर्थात एकटे असणारे प्रत्येक मूल छळलेले नसते. जॉन कॉई आणि केनेथ डॉज यांनी १९८२ मध्ये वर्गातील स्थानांचे जे प्रकार पाडले त्यांत ‘नाकारलेले’ आणि ‘दुर्लक्षित’ हे दोन वेगळे आहेत. दुर्लक्षित मुलाला कुणी निवडत नाही, पण टाळतही नाही. पुस्तक घेऊन झाडाखाली मजेत बसलेल्या मुलाकडे दोन मुले आली तर ते जागा करून देते. नाकारलेले मूल त्या दोघांना येताना पाहून आक्रसते.

शिक्षकाचे डोळे पोहोचत नाहीत तिथे कागद पोहोचतो. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या समाजमिती पद्धतीत प्रत्येकाला गुप्तपणे विचारतात : प्रकल्पासाठी कोणते तीन सोबती हवेत? उत्तरांचे बाण काढले की वर्गाचा नकाशा तयार होतो. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते मूल एका नजरेत दिसते. मागच्या महिन्यात पाच बाण होते आणि आता एकही नाही, हे दिसणे त्याहून महत्त्वाचे. ‘कोण नको?’ असा उलटा प्रश्न मुलांना विचारू नये. संशोधनात तो वापरला जातो, पण रोजच्या वर्गात त्याने तिरस्कार नोंदवायची सवय लागते.

आपल्या शाळांत आणखी एक बाजू आहे. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. तो मुलांनी दिलेला त्रास नव्हता, ती शाळेने पाळलेली अस्पृश्यता होती, आणि तिला ‘छळ’ म्हणून लहान करू नये. मात्र आजही मुले एकटे कुणाला पाडतात याची दिशा पुष्कळदा घरून येते. आडनाव विचारून बदललेली बसण्याची जागा, पोषण आहाराच्या पंगतीत ठेवलेले अंतर, ‘त्याचा हात लागला’ म्हणून तो दुसऱ्याला पुसण्याचा खेळ : या गोष्टी मुलामुलांतले भांडण म्हणून मिटवता येत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर कित्येक महिने बाहेर राहून परतलेल्या मुलाची वर्गातली जागा भरून गेलेली असते. खासगी शाळेत २५ टक्के राखीव प्रवेशातून आलेल्या मुलाचा डबा, बोली आणि बूट तपासले जातात. रंग, वजन, तोतरेपणा यांवरून पडलेली टोपणनावे तर शिक्षकही हसत वापरतात, आणि त्या क्षणी वर्गाला परवाना मिळतो.

आता या छळाचा बराचसा भाग मोबाइलवर गेला आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटाशेजारी एक नाव वगळून केलेला दुसरा गट शिक्षकाला दिसत नाही. सकाळी वर्गात सगळे एकदम हसतात आणि एकालाच कळत नाही का, तेवढे दिसते.

ओळखल्यानंतर

दोघांना समोरासमोर उभे करून ‘हात मिळवा’ म्हणण्याची आपली जुनी पद्धत इथे घातक ठरते. बळाची तफावत असलेल्या दोघांत समेट होत नाही. दुर्बळ बाजू मान खाली घालते, आणि चुगली केल्याची शिक्षा बाहेर मिळते. ‘आम्ही गंमत करत होतो’ हे ठरलेले उत्तर असते, आणि ते खरे आहे का हे पाहायची खूण सोपी आहे : ज्याची गंमत झाली तो हसत होता का? स्वीडनचे अनातोल पिकास यांची पद्धत निराळी आहे. गटातील प्रत्येकाशी एकेकटे बोलायचे, आरोप न करता ‘तो सध्या त्रासात दिसतो, तुला काय वाटतं?’ असे विचारायचे, आणि ‘तू काय करू शकशील?’ इथपर्यंत आणायचे. एकेकटी मुले बहुधा गटाइतकी कठोर नसतात.

बघ्यांचे वजन सर्वांत जास्त. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली यांनी १९९६ मध्ये साथीदार, चिथावणारे, बचाव करणारे, अलिप्त अशा भूमिका नोंदवल्या, आणि तुर्कू विद्यापीठात पुढे तयार झालेला ‘किवा’ हा शाळांसाठीचा छळविरोधी कार्यक्रम या बघ्यांवरच उभा आहे. टोरांटोच्याच चित्रीकरणावर आधारित २००१ च्या अभ्यासात मुले मध्ये पडली त्यांपैकी ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबला होता.

भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळास मनाई करते, पण तिचा रोख मोठ्यांच्या वागण्याकडे आहे. कलम २९ मध्ये मूल भयमुक्त असावे असे म्हटले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितले, तर महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्यांची तरतूद आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी मुलांनाही स्वतः वापरता येते. तक्रारपेट्याही बऱ्याच शाळांत असतात, पण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, सर्वांच्या देखत चिठ्ठी टाकावी लागेल अशा जागी लटकवलेली पेटी भरत नाही. ती पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात असावी आणि दर आठवड्याला उघडली जावी.

शिक्षकाने हस्तक्षेप केल्यानंतर पहिले काही दिवस सगळे सुरळीत दिसते. म्हणून महिन्याभराने, काही न सांगता, त्याच मधल्या सुट्टीत त्याच ठिकाणी पुन्हा उभे राहून डब्याचे गोल पाहावेत आणि जुन्या चार ओळींशी ताडून घ्यावेत.