तेलेकी, पाल

तेलेकी, काउंट पाल : (१ नोव्हेंबर १८७९–३ एप्रिल १९४१). हंगेरीचा पुराणमतवादी राजकारणी, दोन वेळा पंतप्रधान, व भूगोलज्ञ. हंगेरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी येत असल्याने तिकडील ग्रंथांत ‘तेलेकी पाल’ असा क्रम आढळतो. जन्म बूडापेस्ट येथे, ट्रान्सिल्व्हेनियातील (हल्ली रूमानियात) जुन्या सरदार घराण्यात. जपानी बेटांच्या नकाशांच्या इतिहासावरील त्याचा ॲटलास १९०९ मध्ये निघाला आणि त्यामुळे त्याचे नाव यूरोपात झाले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी त्याने तयार केलेला ‘कार्त रूज’ (लाल नकाशा) आजही वादाचा विषय आहे. १९१० च्या जनगणनेवर आधारलेल्या, हंगेरीतील वंशवार वस्ती वेगवेगळ्या रंगांनी दाखवणाऱ्या या नकाशात १ चौ. मिमी. रंग म्हणजे १०० माणसे, असे प्रमाण होते. विरळ वस्तीचे डोंगराळ भाग कोरे ठेवले होते आणि मॅज्यार (हंगेरियन वंशाच्या) लोकांना भडक लाल रंग दिला होता. कोऱ्या जागांमुळे डोंगरी रूमानियन वस्ती झाकली जाते, हा आक्षेप पद्धत म्हणून फारसा टिकत नाही, कारण त्या वस्तीची माणसे लगतच्या रंगात धरलेली होती. रंगाची निवड मात्र निरागस म्हणता येत नाही. नकाशाचा उपयोग झाला नाही. त्रिआनाँच्या तहाने (४ जून १९२०) देशाचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला.

तेलेकीच्या पहिल्या कारकिर्दीत (१९२०-२१) विद्यापीठांतील प्रवेश वंशवार लोकसंख्येच्या प्रमाणात बांधणारा कायदा झाला. कायद्यात ज्यूंचा उल्लेख नव्हता, पण रोख त्यांच्यावरच होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये तो पुन्हा पंतप्रधान झाला, आणि त्याच वर्षी दुसरा ज्यूविरोधी कायदाही संमत झाला. तेलेकीने तो केवळ जर्मन दडपणाने मान्य केला, हे चरित्रकारांपैकी काहींचे म्हणणे १९२० चा कायदा पाहता पटत नाही.

परराष्ट्र धोरणात मात्र त्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा होता : गमावलेला प्रदेश परत हवा, पण युद्ध नको. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवरील स्वारीसाठी जर्मन फौजांना वाट देण्यास त्याने नकार दिला आणि पोलिश निर्वासितांना आसरा दिला. ३० ऑगस्ट १९४० रोजी जर्मनी-इटलीच्या लवादाने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया मिळाला. हे उपकार फुकटचे नव्हते. २० नोव्हेंबरला हंगेरी जर्मनी, इटली व जपान यांच्या त्रिपक्षीय करारात सामील झाली. १२ डिसेंबरला तेलेकीच्या सरकारने यूगोस्लाव्हियाशी ‘चिरंतन मैत्री’चा तह केला.

२७ मार्च १९४१ रोजी बेलग्रेडमध्ये सत्तापालट झाला आणि हिटलरने यूगोस्लाव्हियावरील हल्ल्यात हंगेरीचे साहाय्य मागितले. बदल्यात प्रदेशाचे आमिष होते. राज्यपालक होर्ती व सेनाधिकारी अनुकूल होते. सामील झाल्यास ब्रिटन संबंध तोडील, अशी तार लंडनमधील हंगेरियन वकिलाकडून आली. २-३ एप्रिलच्या रात्री तेलेकीने आपल्या निवासस्थानी, शांदोर प्रासादात, पिस्तुलाने गोळी झाडून घेतली. होर्तीला लिहिलेल्या पत्रात ‘भेकडपणाने आम्ही वचनभंग केला’, ‘आम्ही प्रेते लुटणारे ठरू’ असे शब्द असून शेवटी ‘मी अपराधी आहे’ अशी कबुली आहे. त्याचा खून झाला, असे एक मत अधूनमधून मांडले जाते. परंतु सोबतच्या दुसऱ्या छोट्या चिठ्ठीत ‘कृती पूर्ण यशस्वी झाली नाही व मी जिवंत राहिलो, तर हाच माझा राजीनामा’ असा मजकूर आहे. त्यामुळे आत्महत्येचे मतच ग्राह्य दिसते. त्याच्यानंतर बार्दोशी पंतप्रधान झाला आणि ११ एप्रिलला हंगेरियन सैन्य सीमेपार गेले.

बूडा किल्ल्याच्या परिसरात त्याचा पुतळा उभारण्याचा बेत २००४ मध्ये विरोधामुळे सोडावा लागला. तो पुतळा बालाटोन सरोवराकाठच्या बालाटोनबोग्लार येथे कॅथलिक चर्चच्या आवारात बसवला आहे. युद्धकाळात पोलिश निर्वासित मुलांची शाळा याच गावी भरत असे.