विंचू चावला, कामावर नाही

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीचा एक तुकडा ठेवला आहे. शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा, उंची साधारण ३८ सेंटीमीटर. दोन्ही अंगांना शाईनं लिहिलेलं. उजवीकडे एकाखाली एक चाळीस माणसांची नावं. प्रत्येक नावापुढे काळ्या शाईत तारखा, आणि तारखांच्या डोक्यावर लाल शाईत बारीक अक्षरात दोन-तीन शब्द. हे शब्द म्हणजे कामावर न येण्याची कारणं. थोडक्यात, हे खाड्यांचं मस्टर आहे. वर्ष लिहिलंय प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या कारकिर्दीचं ४०वं, म्हणजे इ.स.पू. १२४०च्या आसपासचं.

कारणं वाचताना हसू आवरत नाही. सेबा नावाच्या कामगाराला विंचू चावला. हुयनेफेर आजारी, मग पुन्हा आजारी, मग डोळे आलेले. कुणी घरातल्या मयताच्या क्रियाकर्मात अडकलेला, कुणी देवाला नैवेद्य दाखवायला गेलेला. बऱ्याच जणांनी बिअर गाळायची म्हणून सुट्टी घेतली आहे. ती तेव्हा जेवणाचाच भाग होती आणि सणासमारंभाला घरोघरी जास्तीची लागायची. पेनदुआ मात्र बिअर गाळत नव्हता. त्याच्या नावावर सरळ नोंद आहे: ‘खोन्सूबरोबर पीत बसला होता.’ असं कारण आज मुकादमाला सांगून बघा!

एक कारण पुन्हा पुन्हा येतं: बायकोची किंवा मुलीची पाळी. आपल्याकडे ‘बाहेरची’ झाली की बाई बाजूला बसायची. इथे खाडा नवऱ्याचा किंवा बापाचा पडलाय. घरची कामं त्याच्यावर पडायची म्हणून, की विटाळाच्या कल्पनेमुळे त्याला त्या पवित्र जागी जाता येत नव्हतं म्हणून, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला दोन्ही पटतं.

पवित्र जागा म्हणजे राजांच्या कबरी. आजच्या लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, डोंगरांच्या बेचक्यात देर अल-मदिना नावाचं एक उजाड गाव आहे. मस्टरमधली माणसं इथलीच. तटबंदीच्या आत एकमेकांना चिकटून ६८ घरं. राजांच्या खोऱ्यात डोंगर फोडून फॅरोंच्या कबरी कोरणारे पाथरवट, गिलावा करणारे, चित्रकार आणि कारकून इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, जवळजवळ चारशे वर्षं. शाळेत आपण इजिप्त शिकलो ते पिरॅमिड, ममी आणि नाईलचा पूर एवढंच. त्या देशात माणसं सोमवारी सकाळी कंटाळत होती की नाही, हे या गावामुळे कळतं.

सोमवार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस काम, शेवटचे दोन दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत रोज डोंगर चढून-उतरून घरी यायचा त्रास नको म्हणून गडी वाटेवरच्या खिंडीत दगडी खोपटांत झोपायचे. तरीही चढउतार चुकत नव्हती. गावाच्या कबरींतली हाडं तपासणाऱ्या अ‍ॅन ऑस्टिन यांना पुरुषांच्या गुडघ्यांत आणि घोट्यांत झिजेच्या खुणा दिसल्या. याच ऑस्टिन यांना इथल्या एका स्त्रीच्या ममीवर गोंदण दिसलं. ममीची कातडी काळवंडलेली असते, नुसत्या डोळ्यांना फारसं काही कळत नाही. इन्फ्रारेड छायाचित्रं घेतल्यावर मान, खांदे, पाठ, हात मिळून तीस गोंदणं मोजता आली. त्यात गळ्यावर दैवी डोळे होते आणि हाथोर देवीच्या गायीही.

कबरीच्या आत काळोख. उजेड दिव्यांचा, आणि दिव्यात जुन्या कापडाच्या पिळलेल्या, चरबी लावलेल्या वाती. या वाती सरकारी कोठारातून मोजून मिळत आणि किती जळल्या याची रोज नोंद होई. तांब्याच्या छिन्न्यांचंही तसंच. देताना वजन करून द्यायच्या, बोथट झाल्या की परत घ्यायच्या, वितळवून नव्या करायच्या. तांबं म्हणजे जवळजवळ चलनच होतं. नाणी नव्हती, वस्तूची किंमत ‘देबेन’मध्ये, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांब्यात मोजली जायची आणि बदल्यात मात्र धान्य, टोपली, चपला असं काहीही द्यायचे. एवढी काटेकोर चाकरी असल्यावर कारकून लागणारच.

त्यांनी लिहिलं कशावर? पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, महाग. पण डोंगर फोडला की चुनखडीच्या कपच्या पायाशी ढिगानं पडतात. उचलायची, लिहायचं, फेकून द्यायचं. वाळवंटात पाऊस नाही, म्हणून काजळीची शाई तीन हजार वर्षांनंतरही वाचता येते. अशा कपच्या आणि खापरांना ‘ऑस्ट्राका’ म्हणतात. गावाला पाणी नव्हतं, सगळं गाढवांवरून खालून आणावं लागे. कधीतरी लोकांनी गावाबाहेर पन्नासेक मीटर खोल खड्डा खणून पाहिला. पाणी लागलं नाही. मग त्या कोरड्या विहिरीचा उकिरडा झाला. विसाव्या शतकाच्या मध्याला बर्नार ब्रुयेर या फ्रेंच उत्खननकारानं तो उपसला तेव्हा पाच हजारांवर लिहिलेले तुकडे हाती आले. धोब्याकडे दिलेल्या कपड्यांच्या याद्या, उसनवारीचे हिशेब, कोर्टकज्जे, प्रेमाच्या कविता, मुलांनी गिरवलेले धडे. दुष्काळी मुलखात राहिलेल्या कुणालाही विहीर फसल्याचं दुःख कळेल, पण या एका विहिरीबाबत मी आनंदी आहे.

पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला चार ‘खार’ गहू आणि दीड खार सातू. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर माप, तेव्हा गहूच तीनशे लिटरच्या वर झाला. मुकादमाला साडेपाच आणि दोन. हा गहू म्हणजे आपला खपली गहू. सांगली-साताऱ्याकडे खिरीसाठी अजून लावतात ती हीच जात, कुटल्याशिवाय टरफल न सोडणारी. शिवाय मासे, भाजी, सरपण, मडकी आणि पाणी पोचवायला सरकारी माणसं. गावात एक वैद्य होता आणि विंचू उतरवणाराही होता. दोघांना त्या कामाचं धान्य वेगळं मिळायचं.

कारकून मंडळींची मात्र चंगळ. केनहेरखेपशेफ हा त्यांतला नावाजलेला. त्याचं अक्षर इतकं वाईट की आजच्या तज्ज्ञांनाही ते बघता क्षणी ओळखू येतं. त्याच्या संग्रहात स्वप्नांचे अर्थ सांगणारी एक पोथी होती: स्वप्नात मोठं मांजर दिसलं तर चांगलं, पीक भरघोस येणार, आरशात स्वतःचं तोंड दिसलं तर वाईट, दुसरी बायको येणार. हा गृहस्थ हाताखालच्या माणसांना खासगी कामांना जुंपायचा. प्रेहोतेप नावाच्या चित्रकारानं एकदा त्याला चिठ्ठी पाठवली. मतलब असा: मी तुझ्या लेखी गाढव. काम असलं की गाढवाला आणा, खायला असलं की बैलाला आणा. बिअर असली की माझी आठवण नाही, काम निघालं की माझी शोधाशोध! खाड्यांच्या मस्टरमध्येही ‘साहेबांबरोबर’ असं कारण अनेकदा येतं, ते काही उगीच नाही.

या म्हाताऱ्या कारकुनाची तरुण बायको नउनाख्ते. तो गेल्यावर तिनं एका कामगाराशी दुसरं लग्न केलं, आठ मुलं वाढवली. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, म्हातारपणी, ती गावच्या पंचांपुढे उभी राहिली आणि मृत्युपत्र लिहवून घेतलं. मी फॅरोच्या देशातली स्वतंत्र स्त्री आहे, ही आठ मुलं मी वाढवली, त्यांचे संसार मांडून दिले. आता मी थकले आणि ती माझ्याकडे बघत नाहीत. ज्यानं माझ्या हातात हात दिला त्याला माझं देईन, ज्यानं दिला नाही त्याला नाही. एका मुलाला तिनं वर काशाचं हात धुण्याचं भांडं दिलं, बाकीच्यांपेक्षा जास्तीचं. बापाच्या वाट्याला मात्र तिला हात लावता येत नव्हता, तो सगळ्या मुलांना मिळणारच होता. बाईच्या नावावर मिळकत, ती कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क, आणि साक्षीदारांपुढे ते बोलून दाखवायची सोय, हे सगळं इ.स.पू. बाराव्या शतकात!

नउनाख्ते हयात असतानाच गावानं आणखी एक गोष्ट केली. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, शिधा यायचा थांबला. गडी हत्यारं टाकून चौक्या ओलांडून खाली उतरले आणि एका देवळामागे जाऊन बसले. ‘अठरा दिवस झाले, आम्ही उपाशी आहोत.’ अधिकारी आले, समजूत घातली, आश्वासनं दिली, हे उठेनात. पुढच्या दिवसांत ते दुसऱ्या रामसेसच्या मोठ्या देवळात शिरले. तिथलं त्यांचं म्हणणं कारकून आमेननाख्तनं टिपून ठेवलंय: भुकेनं आणि तहानेनं आम्ही इथवर आलो, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, आमच्या धन्याला, फॅरोला कळवा, वजीराला कळवा. थकलेला शिधा मिळाला, पुन्हा थकला, पुन्हा माणसं बसली. कोठारं रिकामी असली तरी सापडेल ते देतो, असं वजीरानं कळवलं आणि अर्धा शिधा दिला. हा पपायरस आज इटलीत, तुरीनच्या संग्रहालयात आहे. लेखी पुरावा असलेला जगातला हा पहिला संप.

या संपातलं माझं आवडतं पात्र म्हणजे पोलिसांचा नायक मेंतमोस. संपकऱ्यांना हाकलायचं सोडून त्यानं त्यांना सल्ला दिला: वर जा, हत्यारं गोळा करा, दारांना कड्या घाला, बायकापोरांना घेऊन या, मी स्वतः पुढे होऊन तुम्हाला सेती राजाच्या देवळात नेऊन बसवतो.

इतक्या भल्या माणसाचं नाव आणखी एका कपचीवर सापडतं, ती सध्या शिकागोत आहे. तिच्यावर मेन्ना नावाच्या कामगाराची तक्रार आहे. तिसऱ्या रामसेसच्या १७व्या वर्षी, म्हणजे संपाच्या बारा वर्षं आधी, पोलीसनायक मेंतमोसनं, बहुधा यानंच, त्याच्याकडून ताज्या चरबीचं एक मडकं उधार नेलं. सातूच्या रूपानं पैसे देतो म्हणाला, देव तुला निरोगी ठेवो असा आशीर्वादही देऊन गेला. मेन्नानं संपाची नोंद लिहिणाऱ्या त्याच आमेननाख्तपुढे तीनदा तक्रार केली. काही मिळालं नाही. संप झाला, राजा मेला, चौथा रामसेस गादीवर आला, त्याचंही तिसरं वर्ष उजाडलं. एकूण अठरा वर्षं. तेव्हा कुठे मेंतमोसनं पंचांपुढे शपथ घेतली: येत्या महिनाअखेरीपर्यंत मडक्याचे पैसे दिले नाहीत तर मला शंभर फटके मारा आणि दुप्पट वसूल करा.

मेन्नाची नोंद इथे संपते.