कानाचा एमआरआय: निघण्याआधी जुनी फाइल काढा

आमच्या एमआरआय सेंटरच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला: "मागच्या महिन्यात ब्रेनचा एमआरआय झाला, नॉर्मल आला. आता कानाचा परत कशाला?"

मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात. आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणारी हाडातली नळी जेमतेम १ सेंटिमीटर लांब, आणि तिच्यातून चार नसा जातात: एक ऐकण्याची, दोन तोल सांभाळण्याच्या, एक चेहऱ्याची. तिथली २-३ मिलिमीटरची गाठ जाड कापांत सहज निसटते. कानासाठी आम्ही १ मिलिमीटरहून पातळ काप घेतो. त्यात नसांभोवतीचं पाणी पांढरंशुभ्र आणि नसा काळ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. दोरा बारीक आहे, नाहीच आहे की त्यावर गाठ बसली आहे, ते कळतं. आधीच्या सेंटरची यात चूक नसते. चिठ्ठीवर ब्रेन लिहिलेलं, त्यांनी ब्रेन काढला. म्हणून चिठ्ठीवर 'आयएसी' (म्हणजे हीच नळी), 'सीपी अँगल' (तिच्या मेंदूकडच्या तोंडाची जागा) किंवा 'इनर इअर' (आतला कान) असं लिहिलंय का ते पाहा. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा कागदही आणा, कोणता कान, किती उतरलाय, हे रेडिओलॉजिस्टला आधी माहीत असलं तर रिपोर्टला धार येते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. फॉर्म भरताना "कानात काही बसवलंय का?" याला उत्तर "नाही". कपडे बदलून टेबलावर आडवं झाल्यावर आठवतं, "हां, पूर्वी पिस्टन टाकलेला." पिस्टन म्हणजे ऐकू यावं म्हणून कानातल्या बारीक हाडाच्या जागी ऑपरेशनने बसवलेला तुकडा. मग सगळं थांबतं. बहुतेक पिस्टन टेफ्लॉनचे किंवा टायटॅनियमचे, १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये अडचण येत नाही. पण १९८७ मध्ये चुंबकाला ओढले जाणारे काही स्टीलचे पिस्टन परत मागवावे लागले होते, तेव्हा नुसत्या आठवणीवर मशीन चालू करत नाही. ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन, तिथे फाइल सापडेना, तुमचा नंबर गेला, शहाद्याची गाडीही गेली. कॉक्लिअर इम्प्लांटवाल्यांचं (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने आत बसवलेलं यंत्र) याहून नाजूक: कातडीखाली चुंबकच असतो. काही मॉडेलना पट्टी बांधून चालतं, काहींचा चुंबक आधी काढावा लागतो. इम्प्लांटच्या कार्डाचा फोटो नंबर लावतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. अडवणूक वाटेल, पण आम्ही हे सोडणार नाही.

कानाचं मशीन बाहेर नातेवाइकाकडे द्या, आत नेलं की ते खराब होऊ शकतं. जोडवी, करदोड्यातला ताईत, कमरेच्या बटव्यातला अडकित्ता हेही तसंच.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) लिहिलं असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट हवा. शुगर-बीपी असेल तर नक्कीच. ६० किलोच्या माणसाला कॉन्ट्रास्ट साधारण १२ मिली लागतं. तपासणी २०-३० मिनिटांची, आवाज मोठा, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन देतो. कानात सतत आवाज येत असेल तर आधीच सांगा. नुसता कान वाहत असेल तर बहुतेकदा आधी सीटी स्कॅन लागतो. अशी चिठ्ठी दिसली तर आम्हीच तुमच्या डॉक्टरांना विचारून घेतो.

लहान मुलाला झोपेचं औषध द्यायचं असल्यास वरचं दूध आणि खाणं ६ तास, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास आधी बंद. इम्प्लांटपूर्वी बऱ्याचदा सीटी आणि एमआरआय दोन्ही मागतात. आमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी, एकाच झोपेत होतात. चोपड्याहून पोराला घेऊन दोन चकरा नकोत. फक्त नंबर लावताना 'दोन्ही' म्हणून सांगा.