दुकानं बंद, गोळ्या चालू

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात आधी लोकल थांबल्या, मग २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन लागला. वाइन शॉप, देशीची दुकानं, परमिट रूम, सगळ्यांची शटर खाली. एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या आणि दारूही पिणाऱ्या मुंबईकरावर याचा काय परिणाम झाला, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

या शहरात दारू सरकारी हुकमाने बंद होण्याची ही पहिली खेप नव्हती. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. पिणारे थांबले नाहीत. दारू हातभट्टीवर, चाळीतल्या मागच्या खोलीत, चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर गेली. साठच्या दशकात बंदी सैल होऊन परवाने मिळू लागले. ‘परमिट रूम’ ही पाटी त्या परवान्यांचीच आठवण. पण दहा बाय दहाच्या खोलीत म्हातारे आईवडील आणि पोरं असताना बाटली घरी कोण आणणार? पिणं कायम बाहेरच राहिलं. कामाची पाळी सुटल्यावर, दोस्तांबरोबर, एक क्वार्टर मारून मग घर.

एचआयव्हीचं औषधही घराबाहेरचंच. १९८६ साली चेन्नईत देशातले पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच काळात मुंबईतही. लोक नाव घ्यायला घाबरत, नोकऱ्या जात. केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम करू शकणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला १९९७ साली सांगावं लागलं. १ एप्रिल २००४पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू केली, त्या पहिल्या केंद्रांत जे. जे. रुग्णालय होतं. पुढे केंद्रं वाढली, तरी कित्येक जण घराजवळचं केंद्र टाळून लोकलने लांबच्या केंद्रावरच जात राहिले. ओळखीचं कुणी रांगेत दिसू नये, एवढंच कारण.

दारू आणि गोळी यांच्या नात्यात एका गैरसमजाने फार नुकसान केलंय. ‘आज घेतलीय ना, मग गोळी नको, दोन्ही मिळून विष होईल’ म्हणून डोस सोडला जातो. खरं तर प्यायलेलं असलं तरी गोळी घ्यायचीच असते. डोस चुकत गेले की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासा होतो. दारूने यकृतावर ताण येतो तो वेगळा, आणि सोबत टीबीचं औषध असेल तर तो आणखी वाढतो. ‘दारू सोडा’ हे सगळेच सांगतात. ‘सुटली नाही तरी गोळी सोडू नका’ हेही तितक्याच ठासून सांगायला हवं.

लॉकडाऊनमध्ये स्थिर रुग्णांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता. लालबागच्या एका गृहस्थांनी मात्र त्याची दुसरी बाजू मला सांगितली. बायकोला त्यांच्या एचआयव्हीबद्दल माहीत होतं. आईला आणि भावाला नाही. एरवी गोळ्यांची बाटली कामावरच्या कपाटात असायची. आता तीन बाटल्या घरात, हलवल्या की खुळखुळणाऱ्या, आणि खोलीत दिवसभर सात माणसं. त्यांनी लेबलं खरवडून काढली, आत कापूस कोंबला. तरीही सगळ्यांसमोर गोळी घेणं जमेना, डोस चुकू लागले. त्यांची दारू मात्र त्याच दिवसांत पूर्ण बंद होती. पहिले तीन-चार दिवस हात थरथरले, झोप लागली नाही, घरच्यांना वाटलं कोरोनाच झालाय.

म्हणून पिणं किती कमी झालं, एवढंच मोजून भागत नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांतही चित्र एकसारखं नाही: बार बंद झाल्याने काहींचं पिणं घटलं, एकटेपणाने, पैशाच्या काळजीने काहींचं वाढलं.

४ मे रोजी मुंबईत दुकानं उघडली, तेव्हा एवढी झुंबड उडाली की ५ तारखेलाच महापालिकेने ती परत बंद करायचा आदेश काढला. त्या महिन्याच्या अखेरीस घरपोच दारूची परवानगी मिळाली. ऐंशी वर्षांत बहुधा पहिल्यांदाच या शहरात सरकारच्या संमतीने बाटली थेट दारात येत होती. त्या गृहस्थांनीही मागवली. आयुष्यात पहिल्यांदा ते पोरांसमोर प्यायले. गोळ्यांच्या बाटल्या तेव्हा माळ्यावर, पितळी हंड्यात होत्या.