सिसलॉगमधला ‘अलर्ट’ आणि प्रशासकाला येणारा अलर्ट

सिसलॉग म्हणजे यंत्रणेतल्या प्रोग्रामांच्या नोंदी (लॉग) गोळा करण्याची पद्धत, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, आणि तिच्या आरएफसी ५४२४ या मानक दस्तऐवजातल्या तीव्रतेच्या ० ते ७ या आठ पायऱ्याही (० सर्वांत तीव्र) बहुतेकांना पाठ असतात. गोंधळ होतो तो १ क्रमांकाच्या पायरीचे नाव ‘अलर्ट’ असल्यामुळे. या पायरीची नोंद झाली की प्रशासकाला मेल जातोच, असे गृहीत धरणारे लोक अजूनही भेटतात. प्रत्यक्षात नोंद लॉगमध्ये पडते आणि तिथेच राहते. मेल हवा असेल तर आरसिसलॉग या सिसलॉगच्या नोंदी हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ओएममेल हे मेल पाठवणारे मॉड्यूल वेगळे जोडावे लागते. (‘मेल.एर’ (mail.err) या नोंदी निवडण्याच्या नियमातला ‘मेल’ही मेल पाठवत नाही, नोंद मेल यंत्रणेकडून आली, एवढेच तो सांगतो.)

मॉड्यूल जोडल्यावर मात्र खरी चूक सुरू होते, कारण बहुतेक जण ‘अलर्ट आणि त्याहून तीव्र’ एवढाच नियम लिहून मोकळे होतात. तीव्रता ही नोंद लिहिणाऱ्या प्रोग्रामने लावलेली चिठ्ठी आहे. आपल्या कार्यालयात कोणती गोष्ट तातडीची, हे त्या प्रोग्रामच्या लेखकाला ठाऊक नसते. सुडो या प्रशासकाचे अधिकार वापरू देणाऱ्या आज्ञेत कोणी सलग तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला, तर ती नोंद मूळ मांडणीनुसार थेट ‘अलर्ट’ पायरीवर जाते, म्हणजे सकाळी घाईत बोटे चुकलेल्या सहकाऱ्यासाठी रीतसर मेल येतो. उलट रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये ‘लॉगर’ ही सिसलॉगमध्ये नोंद लिहिणारी आज्ञा पायरी न सांगता वापरली असेल, तर ‘बॅकअप फसला’ हा संदेश ५ क्रमांकाच्या ‘नोटिस’ पायरीवर पडतो आणि त्याचा मेल कधीच येत नाही. ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉनच बंद पडला असेल, तर नोंदही होत नाही, मग तीव्रता कुठली? म्हणून मेलचा नियम तीव्रतेवर नव्हे, तर ‘हा संदेश वाचून मी आत्ता उठून काही करणार आहे का’ या प्रश्नावर बांधावा, आणि बॅकअपसारख्या कामासाठी ठरलेल्या वेळेत यशाची नोंद न आल्यास मेल जावा, असे माझे ठाम मत आहे.

मेलचा पूर आवरण्यासाठी, ठरावीक सेकंदांत एकदाच मेल जावा अशी सोय आरसिसलॉगमध्ये आहे, पण ती मला धोक्याची वाटते. ही मर्यादा संदेशाला नव्हे, तर मेल पाठवण्याच्या कृतीला लागते. त्यामुळे सहा तासांची मर्यादा ठेवली आणि पहिला मेल सुडोच्या चुकलेल्या पासवर्डचा निघाला, तर पुढच्या सहा तासांत त्याच नियमात बसणारी डिस्क बिघडल्याची नोंद मेलने येत नाही आणि नंतरही पाठवली जात नाही. प्रत्येक प्रकारच्या घटनेसाठी स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र मर्यादा लिहिण्याचा कंटाळा करू नये.